नाण्यावरील टांकसाळीची चूक की नंतरची इजा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे नाणे वेगळे दिसले की त्याचे छायाचित्र पाठवून "हे एरर आहे का?" असे विचारणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः भारतीय नाण्यांची आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टांकसाळीची चूक कशाला म्हणायचे आणि इजा कशाला?

नाणे टांकसाळीतून बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे धातूचा पत्रा कापण्यापासून ठसा उमटेपर्यंतच्या कामात जो दोष निर्माण होतो, तो टांकसाळीची चूक होय. त्यानंतर खिशात, गल्ल्यात, जमिनीत, नदीत, सोनाराच्या भट्टीत किंवा कोणाच्या हातोडीखाली जे घडते ती सर्व इजा होय, मग ती अपघाताने झालेली असो वा हेतुपुरस्सर केलेली असो. नाणे कितीही विचित्र दिसत असले तरी केवळ त्यावरून काही सिद्ध होत नाही. विचारायचे ते इतकेच की, हे टांकसाळीत कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे घडले असते? या प्रश्नाला सुसंगत उत्तर मिळत नसेल, तर ते नाणे इजा झालेले समजावे.

२. मला टांकसाळीचे काम माहीत नाही. मग हे टप्पे कसे ओळखू?

टप्पे थोडेच आहेत आणि ते एकदा समजून घेतले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. भारतात सरकारी टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे आहेत. मिश्रधातूच्या पत्र्याच्या लांब गुंडाळीतून यंत्राने गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, धुऊन स्वच्छ केल्या जातात आणि मग त्यांची कड सभोवार दाबून किंचित उचलली जाते. या उचललेल्या कडेला आपण कंगोरा म्हणू. अशी तयार चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती पोलादाचेच एक कडे असते, त्याला कॉलर म्हणतात. ठसे प्रचंड दाबाने चकतीवर आदळतात, धातू पसरून ठशांच्या खोलगट भागांत शिरतो आणि कॉलरमुळे तो बाहेर न पळता नाणे ठरलेल्या व्यासाचे होते. कडेवर दाते असले तर तेही बहुधा याच क्षणी कॉलरमधून उमटतात.

म्हणून चुका तीन जागी होऊ शकतात: चकतीत, ठशात किंवा ठसा आदळण्याच्या क्षणी. ठशातील दोष त्या ठशाने पाडलेल्या सर्व नाण्यांवर सारखाच दिसतो. चकतीतील आणि आघाताच्या क्षणातील दोष मात्र बहुतेक वेळा एकेका नाण्यापुरता असतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे तो अनेकदा उपयोगी पडणार आहे.

३. तपासणीसाठी घरी कोणती साधने असावीत?

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा सराफी काटा, एक लोहचुंबक आणि त्याच प्रकारचे, त्याच सालाच्या आसपासचे एक चांगले नाणे एवढे पुरेसे आहे. यांतील शेवटचे साधन सर्वांत महत्त्वाचे असूनही बहुतेक जण तेच विसरतात. मूळ नाणे कसे असते हे समोर नसले तर कोणतीही गोष्ट चूक वाटू लागते.

काही वजने आणि व्यास पाठ असलेले बरे. १९९२ पासून २०११ पूर्वीपर्यंतचा स्टेनलेस स्टीलचा एक रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचा असतो. स्टीलचे जुने ५० पैसे ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटरचे, तर २५ पैसे २.८३ ग्रॅम आणि १९ मिलिमीटरचे होते. तांबे-निकेलचे अकरा बाजूंचे दोन रुपये ६ ग्रॅमचे आणि त्याच धातूचे जाड पाच रुपये ९ ग्रॅमचे आहेत. दोन धातूंचे दहा रुपये ७.७१ ग्रॅमचे आणि २७ मिलिमीटरचे असतात. वजनात बारीक फरक चालतो आणि झिजलेले नाणे थोडे हलके भरणारच, म्हणून दोन-चार शतांश ग्रॅमच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये.

४. माझ्या नाण्याचा एक तुकडा कापल्यासारखा आहे. ही कापलेल्या चकतीची चूक आहे का?

असू शकते, आणि ही चूक खात्रीने ओळखता येते. पत्रा यंत्रात पुरेसा पुढे सरकला नाही, तर पुढची चकती आधीच कापलेल्या भोकावर अंशतः येते आणि तिला चंद्रकोरीसारखी खोच पडते. पत्र्याच्या टोकाशी हेच घडले तर खोच सरळ असते.

येथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खोचेजवळची अक्षरे. चकती आधीच अपुरी होती म्हणून तेथे ठसा भरायला धातू पुरला नाही आणि अक्षरे खोचेकडे जाताना पसरट, उथळ व अस्पष्ट होत गेलेली दिसतात. नाणे नंतर कापले असेल तर अक्षर पूर्ण उंचीचे असते आणि मध्येच स्वच्छ तुटते. दुसरी, खोचेच्या बरोबर समोरची कड. कंगोरा उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खोच असली की समोरच्या बाजूलाही दाब पुरेसा बसत नाही, त्यामुळे तेथील कंगोरा पुसट राहतो. नाणे कानशीने घासणाऱ्याला ही खूण तयार करता येत नाही. मात्र खोच फार लहान असेल तर ती अस्सल नाण्यावरही नीट दिसत नाही, म्हणून तिच्या अभावावरून लगेच नाणे बाद करू नये. तिसरी गोष्ट म्हणजे कापलेला पृष्ठभाग: त्यावर करवतीच्या किंवा कानशीच्या समांतर रेघा असतील, तर पुढे पाहण्याची गरज नाही.

वजन कमी भरणे हा येथे पुरावा नाही, कारण दोन्ही प्रकारांत ते कमीच भरते.

५. चित्र एका बाजूला सरकले आहे. याला काय म्हणावे?

आधी दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन्ही बाजूंचे चित्र एकाच दिशेने सरकलेले असेल आणि उरलेल्या भागात चकती कोरी असेल, तर चकती ठशांच्या मध्ये नीट बसली नव्हती. ही खरी चूक आहे आणि साल शाबूत असेल तर संग्राहक तिला अधिक मानतात. एकाच बाजूचे चित्र किंचित सरकलेले आणि दुसरी बाजू बिनचूक असेल, तर एक ठसा थोडा हललेला असतो. हा प्रकार इतका सामान्य आहे की त्याला विशेष महत्त्व देऊ नये.

कॉलर जागेवर नसताना ठसा बसला तर चित्र मध्यभागी राहते, पण नाणे रुंद आणि पातळ होते व कडेवर दाते उमटत नाहीत. हातोडीने ठोकलेले किंवा रेल्वेच्या रुळावर ठेवलेले नाणेही रुंद होते. फरक असा की, टांकसाळीतील रुंद नाण्यावर अक्षरे ठसठशीत असतात, तर ठोकलेल्या नाण्यावर ती चेपून पसरलेली दिसतात.

६. अक्षरे आणि आकडे दुहेरी दिसतात. हा प्रसिद्ध डबल डाय आहे का?

बहुतेक वेळा नाही. डबल डाय म्हणजे ठसा बनवतानाच त्यावर चित्र दोनदा, किंचित हलून उमटणे. अमेरिकेचा १९५५ सालचा एक सेंट याच कारणाने जगभर ओळखला जातो. अशा नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर आणि सारख्या उंचीच्या असतात, अक्षर मूळपेक्षा जाड वाटते आणि त्याच्या टोकांशी स्पष्ट फाटा दिसतो.

आपल्याला रोज दिसते ते वेगळे असते. आघातानंतर ठसा मागे जाताना थरथरतो आणि ताज्या अक्षराची एक कड घासून चपटी करतो. त्यामुळे अक्षराच्या शेजारी सपाट, चकाकती पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेले असते. हेही टांकसाळीतच घडते, पण ठशात दोष नसल्यामुळे त्याला किंमत येत नाही. पायरी आणि फाटा यांतील हा फरक भिंगाखाली तिरप्या उजेडात चटकन कळतो. शंका राहिली तर त्याच साल व टांकसाळीची आणखी नाणी पाहावीत: डबल डाय असेल तर नेमके तेच दुहेरीपण दुसऱ्या नाण्यावरही सापडायला हवे.

७. एका बाजूला उलटी आणि खोलगट अक्षरे आहेत. हे दुर्मिळ आहे असे ऐकले.

अस्सल असेल तर नक्कीच दुर्मिळ आहे. पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहिले आणि त्याखाली दुसरी चकती आली, तर चिकटलेल्या नाण्याची प्रतिमा त्या चकतीवर आरशातल्यासारखी उलटी आणि खोल उमटते. अशा नाण्यावर त्या बाजूचे नेहमीचे उंच चित्र मुळी उमटलेलेच नसते आणि खोल प्रतिमा सबंध पृष्ठभागभर असते.

बनावट करणारे दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर ठेवून आवळतात. तेव्हाही उलटी अक्षरे उमटतात, पण खाली मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते, खोल अक्षरे अर्धवट असतात आणि दुसरी बाजूही सपाट झालेली असते. मूळ चित्राचा अंश दिसला की निर्णय झाला. ऑनलाइन विक्रीला येणाऱ्या अशा नाण्यांमध्ये हा शिकंज्याचा प्रकार वारंवार आढळतो, म्हणून दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

८. नाण्यावर एक रेघ आहे. ती चूक की ओरखडा?

रेघ उंच आहे की खोल, हे आधी पाहावे. ठसा सतत आदळून तडकतो, त्या तडीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ दिसते. ठशाच्या काठाचा तुकडाच निघाला तर नाण्याच्या कडेला धातूचा सपाट गोळा येतो आणि तेथील चित्र नाहीसे होते. बऱ्याचदा त्याच्या समोरच्या भागात दुसऱ्या बाजूचे चित्रही कमजोर असते. नाणे ओरबाडून अशी उंच रेघ तयार होत नाही.

खोल रेघ बहुतेक वेळा ओरखडाच असतो आणि त्याच्या बाजूला ढकलल्या गेलेल्या धातूची बारीक कड दिसते. याला अपवाद दोन आहेत. ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोरा, तार किंवा धातूचा कण आला तर त्याची खोल छाप उमटते, पण तिच्याभोवती धातू वर आलेला नसतो आणि तिचा तळ सपाट व गुळगुळीत असतो. तसेच मिश्रधातूत अशुद्ध थर राहिला असेल तर वरचा पापुद्रा सुटतो. त्याखालचा भाग खडबडीत व तंतुमय दिसतो.

९. माझ्या नाण्यावर टांकसाळीचे चिन्ह नाही, किंवा सालातला एक आकडा नाही.

चिन्ह नसणे ही बहुधा चूकच नसते. सालाखालचा हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा असतो. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसतेच. कोलकात्याचे साधे नाणे "चिन्ह नसलेले दुर्मिळ" म्हणून विकले जाते हे वाईट आहे, कारण यात नवशिक्या संग्राहकांची, विशेषतः मुलांची फसवणूक होते.

आकडा किंवा अक्षर गायब असेल तर ठशाच्या त्या खोबणीत तेलकट मळ भरला असण्याची शक्यता आहे. अशा जागी पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो आणि अक्षराची पुसट सावली उरते. खरवडून काढलेल्या आकड्याच्या जागी बारीक रेघा आणि किंचित खळगा दिसतो, चमकही वेगळी असते.

१०. दोन्ही बाजू पूर्ण कोऱ्या आहेत. हे न पाडलेले नाणे आहे का?

कड पाहावी. दाते कॉलरमुळे उमटतात आणि कॉलरचे काम ठशाबरोबर होते. म्हणून दोन्ही बाजू गुळगुळीत, पण कडेवर असे दाते शाबूत, असे नाणे पाडल्यानंतर घासलेले असते. स्टीलच्या सपाट कडेच्या नाण्यांना ही कसोटी लागू पडत नाही. तेथे वजन पाहावे: कोरी चकती जवळजवळ पूर्ण वजनाची असते, घासलेले नाणे स्पष्टपणे हलके भरते. आम्लात बुडवलेले नाणेही हलके भरते, शिवाय ते सर्व बाजूंनी सारखेच लहान होऊन खडबडीत दिसते.

११. दहा रुपयांच्या नाण्याची मधली चकती निघाली आहे, सरकली आहे किंवा फिरली आहे.

या नाण्यात कडे आणि मधला भाग एकाच आघातात पाडले आणि जोडले जातात. त्यामुळे मधला भाग नसतानाच आघात झाला असेल तर कड्याचा धातू आतल्या रिकाम्या जागेत वळून आलेला असतो आणि भोकाची आतली कड गोलसर होते. ठोकून काढलेल्या नाण्यात भोकाची भिंत सरळ राहते आणि तीवर मधला भाग बसल्याच्या व निघताना घासल्याच्या खुणा दिसतात. हातोडीने मधला भाग काढून पाहणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, म्हणून अशा प्रत्येक नाण्याकडे संशयानेच पाहावे.

भोक मध्यभागी पाडलेले नसेल आणि मधला भाग त्याच सरकलेल्या जागी घट्ट असेल, तर ती चकती बनवतानाची खरी चूक आहे. मात्र "भारत" आणि "इंडिया" ही कड्यावरील अक्षरे व मधला सिंहशीर्षाचा भाग एकमेकांच्या तुलनेत फिरलेले असतील, तर ती चूक नव्हे. एकाच ठशाने उमटलेले दोन भाग आघातानंतरच फिरू शकतात.

१२. नाण्याचा रंग वेगळा आहे: तांबूस पाच रुपये, सोनेरी एक रुपया, निळसर स्टील.

केवळ रंगावरून कधीही निर्णय घेऊ नये. पितळी पाच रुपये आम्लात किंवा दमट मातीत राहिले तर वरच्या थरातील जस्त निघून जाते आणि तांब्याचा लालसरपणा उरतो. स्टील तापवल्यावर पिवळे ते निळे होते. सोनेरी एक रुपयावर बहुतेक वेळा मुलामा दिलेला असतो. तो लोहचुंबकाला चिकटला तर आत नेहमीचेच स्टील आहे.

१३. चुकीच्या चकतीवर पाडलेले नाणे कसे ओळखावे?

लहान नाण्याच्या चकतीवर मोठ्या नाण्याचा ठसा बसला तर बाहेरची अक्षरे कडेबाहेर जातात आणि वजन त्या लहान नाण्याच्या वजनाशी तंतोतंत जुळते. वजन कोणत्याच नाण्याशी जुळत नसेल तर नाणे कापलेले किंवा घासलेले असण्याची शक्यता अधिक.

येथे एक फसवी जागा आहे. २०११ च्या मालिकेत नाणी लहान झाली. त्या मालिकेतील दोन रुपयांचे माप जुन्या एक रुपयाएवढे, तर एक रुपयाचे माप जुन्या ५० पैशांएवढे आहे. म्हणून "दोन रुपये एक रुपयाच्या चकतीवर पाडले आहेत" असे वाटून पाठवली जाणारी त्या मालिकेतील नाणी अगदी योग्य असतात.

१४. नाणे उलटल्यावर मागचे चित्र तिरपे दिसते. ही चूक आहे का?

आजची भारतीय नाणी सरळ धरून पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटली की मागचे चित्रही सरळ दिसते. ते स्पष्टपणे तिरपे, आडवे किंवा उलटे दिसले तर ठसा फिरलेला होता. अखंड धातूच्या नाण्यात हे नंतर घडवता येत नाही, त्यामुळे हा प्रकार ओळखायला सोपा आणि नवशिक्यांसाठी उत्तम आहे. मात्र थोडासा तिरपेपणा सर्रास आढळतो. दोन धातूंच्या नाण्यांसाठी प्रश्न ११ पाहावा.

१५. दोन्ही बाजूंना छापा असलेले नाणे खरे असू शकते का?

जवळजवळ नेहमी ते जादूच्या खेळासाठी दोन नाणी आतून कोरून जोडलेले असते. कंगोऱ्याच्या आतल्या कडेशी भिंगाखाली वर्तुळाकार सांधा दिसतो आणि टेबलावर टाकल्यास आवाज बद्द येतो. न जुळणाऱ्या दोन ठशांची खरी जोडी जमण्याची उदाहरणे जगात आहेत: ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नव्या रचनेत साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूवर गेले, पण काही नाण्यांना राणीचा जुना ठसा लागला आणि ती सालाशिवायच बाहेर पडली.

१६. दहा रुपयांवर कधी दहा रेघा, कधी पंधरा. कधी ₹ आहे, कधी नाही. यांतले चुकीचे कोणते?

कोणतेही नाही. या वेगवेगळ्या काळातील रचना आहेत. ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि त्यानंतर नाण्यांवर आले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा रुपयांच्या तोवरच्या सर्व १४ रचना वैध असल्याचे जाहीर केले होते.

१७. शिवराईवर "श्री राजा शिव" पूर्ण उमटलेले नाही. हे एरर नाणे आहे का?

नाही. हा प्रश्न मला विशेष जवळचा आहे, कारण यंत्रयुगाचे निकष हातघडणीच्या नाण्यांना लावल्याने त्यांच्यावर अन्याय होतो. शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे) हातोड्याने पाडली जात असे. चकत्या ओबडधोबड असत, कॉलर नसे आणि ठसा अनेकदा चकतीहून मोठा असे. त्यामुळे मजकुराचा काही भाग बाहेर जाणे, कड वेडीवाकडी असणे, चित्र सरकणे हे सर्व त्या पद्धतीचे स्वाभाविक रूप आहे. पेशवाईतील अंकुशी, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या रुपयालाही हेच लागू होते. या नाण्यांवर चूक म्हणण्याजोगे फार थोडे प्रकार असतात, जसे स्पष्ट दुहेरी आघात किंवा प्रश्न ७ मधील उलटी प्रतिमा. ज्या शिवराईवर मजकूर अधिक पूर्ण उमटला आहे ती अधिक मोलाची मानली जाते; म्हणजे येथे हिशेब आधुनिक एरर नाण्यांच्या बरोबर उलटा आहे.

१८. जुन्या चांदीच्या रुपयावर लहान लहान ठोकलेल्या खुणा आहेत.

त्या सराफांनी चांदी पारखताना ठोकलेल्या खुणा आहेत. व्याख्येप्रमाणे ती नंतरची इजाच, पण ती त्या रुपयाच्या व्यवहारातील आयुष्याची नोंद आहे, म्हणून ती घासून काढू नये. राणी किंवा राजाच्या चित्राच्या वर कडेला झाळकामाचा डाग, खळगा किंवा कानशीच्या खुणा असतील तर रुपया पूर्वी दागिन्यात ओवलेला होता आणि कडी नंतर काढून टाकली आहे.

१९. तपासण्यापूर्वी नाणे चिंच, लिंबू किंवा ब्रासोने स्वच्छ करावे का?

कृपया करू नये. निर्णयाला आधार देणारी मूळ चकाकी आणि बारीक खुणा त्याने कायमच्या जातात. मळ किंवा हळद-कुंकू बसले असेल तर साध्या पाण्यात भिजवून, न घासता मऊ कापडाने टिपावे.

२०. नाणे खरोखरच टांकसाळीची चूक निघाले, तर ते लाखोंना विकले जाईल का?

बहुतेक लहान चुकांना दर्शनी मूल्याहून थोडीच अधिक किंमत मिळते. दोन्ही बाजूंना बरेच सरकलेले चित्र, उलटी प्रतिमा आणि चुकीची चकती यांना चांगले मूल्य आहे, पण ते संग्राहकांच्या प्रदर्शनांत आणि लिलावांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून पाहावे. विक्रेत्याने मागितलेल्या आकड्यावरून नव्हे. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी आगाऊ शुल्क, कर किंवा कमिशन मागणारे फसवे असतात. बँक अशा व्यवहारात नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

२१. एकाच नाण्यावर खरी चूक आणि नंतरची इजा दोन्ही असतील तर?

असे पुष्कळदा असते, कारण चुकलेले नाणेही वर्षानुवर्षे चलनात फिरते. दोन्ही गोष्टींचा स्वतंत्र निर्णय करावा आणि विकताना दोन्ही सांगाव्यात. खोच असलेल्या नाण्यावर ओरखडे असले तरी खोच खोटी ठरत नाही. मात्र इजा नेमकी चुकीच्या जागीच असेल, म्हणजे खोचेची कडच कानशीने घासलेली किंवा पुसट आकड्याची जागाच ओरबाडलेली असेल, तर पुरावाच उरलेला नसतो, आणि अशा नाण्याला चूक असलेले नाणे म्हणून विकणे योग्य नाही.